नोंद बाहेर ठेवणाऱ्या आक्का

विजूआक्का दुधाच्या पिशवीवरची तारीख वाचायच्या, पिशवी फोडून दूध हुंगायच्या, ते तापवून फुटत नाही ना हे बघायच्या आणि मगच चहाचं आधण ठेवायच्या. ते दूध त्यांनीच आणलेलं असे, रोजच्याच दुकानातून. एकदा मी म्हटलं, आक्का, कालही तर चांगलंच होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काल चांगलं हुतं, म्हणून आज असंल, ह्ये कशावरून?"

हे 'कशावरून' त्यांच्या तोंडी सारखं असायचं. सांगलीच्या विश्रामबागला आमच्या रक्तपेढीत त्या कंप्यूटर सांभाळायच्या. मूळ गाव कडेगावजवळ, घरचा ऊस. शिक्षण सांगलीत झालं, नोकरीही सांगलीत, पण जीभ काही त्यांनी बदलली नाही. मोठमोठ्या डॉक्टरांसमोरही त्या 'हाय' आणि 'न्हाई'च बोलायच्या. सर्व्हरच्या खोलीची किल्ली कमरेला खोचलेली असायची. मी साताऱ्याहून नव्याने तंत्रज्ञ म्हणून आले, तेव्हा पहिले काही महिने त्यांनी मला माझ्या नावाने हाकच मारली नाही. त्यांच्यासाठी मी 'साताऱ्याची' होते. नाव खरं आहे की नाही, हे बहुधा अजून तपासायचं राहिलं असावं.

गावी जाताना त्या एसटीची पाटी वाचायच्या, मग ड्रायव्हरला विचारायच्या, मग कंडक्टरला. एवढ्यावर भागायचं नाही. आत चढून एखाद्या म्हातारीला विचारायच्या, "मावशी, कुठं चालला?" ती कडेगाव म्हणाली की मगच बसायच्या. नवरा फौजेत होता, वर कुठेतरी थंडीत. तो फोनवर म्हणायचा, सगळं ठीक आहे. मग आक्का त्याला व्हिडिओवर यायला लावायच्या, ताट दाखवायला सांगायच्या, पायातले मोजे दाखवायला सांगायच्या. तो बिचारा कॅमेरा खाली धरून पाय हलवून दाखवायचा, आणि आम्ही दुसरीकडे तोंड करून हसायचो.

अख्ख्या पेढीत त्यांचा थोडाफार विश्वास होता तो प्रमोदवर. प्रमोद माझ्यासारखाच तंत्रज्ञ, तासगावकडचा. वडील फौजेतून निवृत्त झालेले. मितभाषी मुलगा, हात अतिशय स्वच्छ. पिशव्या तो लहान मूल उचलावं तशा उचलायचा. त्याने केलेला चहा आक्का न हुंगता प्यायच्या, आणि पेढीत याहून मोठा मान कुणाला मिळत नव्हता.

आमच्या कामात नोंदी फार. रक्ताची पिशवी आली, तपासली, फ्रिजमध्ये ठेवली, दिली, टाकून दिली, प्रत्येक वेळी तिच्यावरचा बारकोड मशीनसमोर धरायचा आणि स्क्रीनवर 'नोंद झाली' आलं की पुढे जायचं. कागदावरच्या नोंदी बंद झाल्या होत्या. जुना सर्व्हर या भाराने दमायला लागला, तेव्हा विश्वस्तांनी नवा घ्यायचं ठरवलं. त्यात एकाच कपाटात डिस्कची एक रांग होती. तिला अ‍ॅरे म्हणतात. रांगेतली एखादी डिस्क मेली, तरी बाकीच्यांकडून तिच्यातला मजकूर परत मिळतो.

तो बसवायला पुण्याच्या कंपनीतून निखिल नावाचा इंजिनिअर आला. चांगला होता, पण आक्कांच्या दृष्टीने त्याच्यात दोन दोष होते. तो हसून बोलायचा आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'काळजीच करू नका' म्हणायचा. "ज्यो मानूस काळजी करू नका म्हंतो," आक्का मला म्हणाल्या, "त्याच्यापाशी काळजीचं काय तरी असतंय."

दोघांचं बिनसलं ते जर्नलवरून. जर्नल म्हणजे काय, हे आक्कांनी मला चहा ढवळता ढवळता समजावलं होतं. मोठ्या घरात चार सुना एका भांड्यात आमटी करतात. मीठ टाकणारीने टाकायच्या आधी मोठ्याने सांगायचं, की मी मीठ टाकते आहे. मध्येच कुणी हाक मारली आणि ती उठून गेली, तर मागे राहिलेल्यांना कळतं की मिठाचं काम अर्धवट आहे. कंप्यूटरही असंच करतो. डिस्कवर काही बदलण्याआधी, मी हे बदलणार आहे, अशी नोंद एका जागी लिहितो. ती जागा म्हणजे जर्नल. मध्येच वीज गेली, तर परत आल्यावर तो आधी जर्नल वाचतो आणि अर्धवट राहिलेलं पुरं करतो.

प्रश्न होता तो हे जर्नल ठेवायचं कुठे. निखिल म्हणत होता, अ‍ॅरेमध्येच ठेवू, सगळं एका जागी, सुटसुटीत. आक्का म्हणत होत्या, बाहेर. त्यांचं कारण बरोबर होतं, हे निखिलनेही नंतर मान्य केलं. अ‍ॅरेत एक बारीकशी नोंद लिहायची, तरी आधी जुना मजकूर वाचावा लागतो, त्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो आणि मग दोन ठिकाणी लिहावं लागतं. जर्नलमध्ये तर दिवसभर बारीकसारीकच लिहायचं असतं. म्हणजे एका चिमूटभर मिठासाठी चारी सुनांनी हातातलं टाकून उठायचं. त्यापेक्षा ऐकणारी बाई दारात बसवा. आणि एकटी नको, दोघी बसवा, एकीला डुलकी लागली तर दुसरी जागी. म्हणून रांगेच्या बाहेर दोन वेगळ्या डिस्क, दोन्हींवर तेच जर्नल.

निखिलने हार मानली आणि म्हणाला, ठीक आहे, मग त्या दोन डिस्कही आमच्याच घ्या, सर्व्हरसाठी बनवलेल्या असतात. इथे आक्कांचे डोळे बारीक झाले. आपलाच माल खपवायचा असणार, दुसरं काय? त्यांनी डॉक्टर बर्व्यांना, म्हणजे पेढीच्या प्रमुखांना, तसं तोंडावर सांगितलं. मग स्वतः रिक्षा करून सांगलीच्या बाजारात गेल्या, आपल्या गावच्या माणसाच्या दुकानातून दोन डिस्क निवडून आणल्या, खोके फोडून, आकडे ताडून. बसवतानाही निखिलच्या शेजारी उभ्या राहिल्या. काम झाल्यावर पहिल्यांदा मी त्यांना एखाद्या गोष्टीवर हात फिरवताना पाहिलं. "ह्यांचं मला ठावं हाय," म्हणाल्या. "मी स्वोता आणल्यात."

मशीन खरोखर वेगात चाललं. बारकोड धरला की 'नोंद झाली'. कुणी तक्रार केली नाही.

मग एका दुपारी वीज गेली. त्यात वीज सांभाळणारा यूपीएसही शिट्टी मारून बंद पडला. थोड्या वेळाने वीज आली, सर्व्हर उठला, त्याने जर्नल वाचलं, सगळं ठीक असल्याचं सांगितलं. आम्ही कामाला लागलो.

दोन दिवसांनी जतकडची एक बाळंतीण एका दवाखान्यात आली. रक्तस्राव थांबत नव्हता, गट ओ निगेटिव्ह. दवाखान्याचा फोन मीच घेतला. स्क्रीनवर एक पिशवी शिल्लक दिसत होती, मी आहे म्हणून सांगितलं. त्यामुळे त्यांनी दुसरीकडे विचारलं नाही. माणूस पिशवी न्यायला आला आणि फ्रिजमध्ये पिशवी नव्हती. सगळे कप्पे बाहेर काढले, दुसरे फ्रिज उघडले. नव्हती. शेवटी आमचा ड्रायव्हर मोटारसायकलवरून मिरजेला पळाला आणि तिथल्या पेढीतून पिशवी घेऊन आला. बाई वाचली. पण तो मधला वेळ कसा गेला, हे मला कुणी विचारू नये. बाईचा भाऊ आमच्या खिडकीशी उभा होता. तो नुसता बघत होता.

प्रमोदने डॉक्टरांना सांगितलं की ती पिशवी त्याने टाकून दिली होती. वीज गेली त्याच दुपारी. पिशवीच्या नळीचं सील गळत होतं, म्हणून त्याने ती बाद केली, तशी नोंद केली आणि कचऱ्याच्या गाडीत रवाना केली. नोंद मात्र कुठेच नव्हती. कंप्यूटर म्हणत होता, पिशवी फ्रिजमध्ये आहे.

आक्कांनी सगळं तपासलं. जर्नल नीट, अ‍ॅरे नीट, कुठे काही तुटलेलं नाही. डॉक्टरांच्या खोलीत आम्ही सगळे उभे होतो. आक्का प्रमोदकडे न बघता बोलल्या, "नोंद झाली असती, तर गेली नसती. जर्नल मी बाहेर ठेवलंय, दोन जागी ठेवलंय. मशीन खोटं बोलत न्हाई. मानूस बोलतंय."

ज्या बाईने आयुष्यात कशावर विश्वास ठेवला नाही, तीच असं म्हणते म्हटल्यावर बाकीच्यांना शंकेला जागाच उरली नाही. प्रमोद एवढंच म्हणाला, "आक्का, 'नोंद झाली' आलं, तवाच मी फुडं गेलो." डॉक्टरांनी त्याला चौकशी होईपर्यंत घरी राहायला सांगितलं.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. ओ निगेटिव्ह पिशवी म्हणजे दुर्मीळ वस्तू, ती काय अशीच नाहीशी होते? कुणीतरी म्हणालं, प्रमोदची मावशी त्याच आठवड्यात मिरजेला दवाखान्यात होती. लगेच सगळ्यांना उलगडा झाला. ती मोतीबिंदूसाठी दाखल झाली होती, हे फार उशिरा समजलं, आणि तोवर कुणाला ते ऐकायचंही नव्हतं. लोक आपापली कपाटं कुलूप लावून ठेवायला लागले. फ्रिजसमोर कॅमेरा लागला. मी पिशवी हातात घेतली की पाठीवर कुणाची तरी नजर जाणवायची, आणि दुसऱ्या कुणी घेतली की माझी त्याच्यावर असायची. आक्का पुन्हा फक्त स्वतःच्या हातचा चहा प्यायला लागल्या.

एके दिवशी त्यांच्यासोबत चहा पिताना मी सहज म्हणाले, की त्या विजेच्या घोटाळ्यात मलाही ताप झाला होता. दोन रक्तदात्यांची माहिती मी भरली होती, आणि वीज आल्यावर बघते तर नाही. मला वाटलं मीच विसरले, म्हणून पुन्हा भरली.

आक्कांनी कप खाली ठेवला. "कवा?"

"वीज जायच्या जरा आधी."

"'नोंद झाली' आलं हुतं?"

मी आठवून बघितलं. आलं होतं. मी दात्याला 'झालं' म्हणाले होते, तो उठून बाही खाली करत होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. आक्का चहा तसाच ठेवून किल्ली काढत आत गेल्या.

त्या रविवारी डॉक्टर बर्व्यांचा मला फोन आला. आवाज दबका होता. विजयाबाई सुट्टीच्या दिवशी सर्व्हरच्या खोलीत दार लावून बसल्या आहेत, वॉचमनने कळवलंय. त्या आत काय करताहेत, ते बघून ये, पण मी पाठवलं म्हणून सांगू नकोस. आता संशय त्यांच्यावरही आला होता. नोंद पुसायची झाली, तर पुसता कुणाला येईल, असाही प्रश्न विश्वस्तांपैकी कुणीतरी विचारला होता म्हणे.

मी गेले. दार वाजवलं. आक्कांनी फटीतून बघितलं.

"बर्वे डॉक्टरांनी धाडलं व्हय?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी मान हलवली. मला वाटलं, आता चिडतील. त्यांनी दार उघडलं आणि खुर्ची पुढे सरकवली. "ब्येस झालं. बस. आन् नुसतं माझं ऐकू नगो, बघ."

त्यांनी जुना सर्व्हर टेबलावर मांडला होता आणि त्या दोन डिस्क काढून त्याला जोडल्या होत्या. पेढीचं काम तेवढ्यापुरतं दुसरीकडे वळवलं होतं. त्यांनी मला खोट्या पिशव्यांच्या नोंदी करायला सांगितल्या. मी एकेक नोंद करत गेले, स्क्रीन 'नोंद झाली' म्हणत गेली, आणि मध्येच आक्कांनी भिंतीतला प्लग उपटला. सगळं काळं झालं. पुन्हा चालू केलं. सर्व्हरने जर्नल वाचलं, सगळं ठीक म्हणून सांगितलं. शेवटच्या काही नोंदी नव्हत्या.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. कधी एखादी कमी जायची, कधी जास्त, पण जायच्या. आक्का प्रत्येक वेळी मला विचारायच्या, तू 'नोंद झाली' वाचलंस ना, आणि मी हो म्हणायचे. नंतर नंतर त्या विचारेनाशा झाल्या. नुसत्या प्लग उपटत होत्या.

मग खुर्चीवर बसल्या आणि हळूहळू सांगायला लागल्या. डिस्कच्या पोटात थोडी तात्पुरती जागा असते. नोंद तिथे पोचली, की कायमची लिहून व्हायच्या आधीच ह्या डिस्क 'लिहिलं' म्हणून सांगून मोकळ्या होतात. वीज असेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. वीज अचानक गेली, की पोटातलं पोटातच राहतं. घरगुती कामासाठी ठीक असतात. निखिलच्या कंपनीच्या डिस्कमध्ये पोटातलं लिहून पुरं करण्यापुरती वीज साठवलेली असते, ते तो सांगत होता. त्यांनी ऐकून घेतलं नव्हतं.

"जर्नल बाहेर ठेवलं ह्ये बरुबर हुतं गं," त्या म्हणाल्या. "पर दारात बसवल्या त्या दोघी एकाच घरच्या. दोघी एकदमच खोटं बोलल्या."

मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सगळ्या जगाला इचारलं मी. ह्या दोघींस्नी तेवढं इचारलं न्हाई."

सोमवारी त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, तांत्रिक बिघाड होता असं लिहू, कुणाचं नाव नको, प्रमोदला परत बोलावून घेऊ. आक्कांनी ते मानलं नाही. ज्या खोलीत, जेवढ्या लोकांसमोर त्या प्रमोदला खोटारडा म्हणाल्या होत्या, त्याच खोलीत तेवढ्याच लोकांना बोलावून त्यांनी सांगितलं, की डिस्क मी आणल्या, चूक माझी, पोरगं खरं बोलत होतं. काही जण खाली बघत होते. एकदोघं मात्र नंतर म्हणाले, बाई प्रमोदला वाचवताहेत, आतून काहीतरी असणार. संशय एकदा पेढीत शिरला तो असा सहज निघणारा नव्हता.

निखिलला त्यांनी स्वतः फोन केला. तो नव्या डिस्क घेऊन आला, आणि मोठ्या मनाने एक अक्षर बोलला नाही. जर्नल पुन्हा अ‍ॅरेच्या बाहेरच ठेवलं. यावेळी आक्कांनी सगळ्यांसमोर प्लग उपटून दाखवला. एकही नोंद गेली नाही.

प्रमोद फोन घेत नव्हता. म्हणून आक्का त्याच्या गावी गेल्या आणि मला बरोबर नेलं. द्राक्षबागेच्या कडेला घर, पुढे सारवलेलं अंगण. वडील ओट्यावर बसले होते, पाठ ताठ. आक्कांनी नाव सांगितलं, तसे ते उठून आत गेले. बसा म्हणाले नाहीत. प्रमोद बाहेर आला. आक्कांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, डिस्कचं, प्लगचं, डॉक्टरांच्या खोलीतलं. एकही शब्द मऊ केला नाही. तो ऐकत होता, मान किंचित वाकडी करून.

"प्रमोद, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "माघारी ये."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "आवं आक्का, मशीनचं कळलं मला. मशीन काय, कवा पन बिघाडतंय." मग म्हणाला, "तुमी माझ्याकडं बघितलं बी न्हाई त्या दिवशी."

आतून आईने कुणाला तरी हाक मारली. आम्हाला कुणी पाणी विचारलं नाही, आणि आमच्याकडे असं होत नाही. परतीच्या बसमध्ये आक्का खिडकीशी बसल्या आणि सांगली येईपर्यंत पदर डोक्यावरून खाली घेतला नाही.

प्रमोद परत आला नाही. कराडच्या एका पेढीत त्याला काम मिळालं असं ऐकलं. आक्का पुढे वर्षभर राहिल्या. संशयी तशाच होत्या, पण आता मशीनवर आधी आणि माणसावर शेवटी. कुणी काही हरवलं म्हणून आरडाओरडा केला, की त्या आधी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघायच्या. मग नवरा फौजेतून घरी आला आणि त्यांनी नोकरी सोडली. किल्ली डॉक्टरांच्या हातात न देता माझ्या हातात दिली.

मागच्या हिवाळ्यात कडेगावला शाळेच्या हॉलमध्ये मोठं रक्तदान शिबिर होतं. एवढं मोठं, की दोन पेढ्या बोलावल्या होत्या, आमची आणि कराडची. हॉलच्या दोन बाजूंना दोघांच्या खाटा. मी सुया मांडत होते, तेवढ्यात दारात आक्का दिसल्या. केस पांढरे झाले होते, पायात चिखलाने माखलेल्या चपला, बहुतेक उसाला पाणी देऊन तशाच आल्या असाव्यात. मी हात उंचावला. त्यांनी मला बघितलं, हसल्या, आणि माझ्याकडे यायला निघाल्या.

मग मध्येच थांबल्या. पलीकडच्या बाजूला, कराडवाल्यांच्या शेवटच्या खाटेपाशी, प्रमोद एका माणसाच्या हाताला कापूस लावत होता. आक्का तिथेच उभ्या राहिल्या. आमची रांग छोटी होती, त्याची लांब. त्या वळल्या आणि त्याच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

पुढची माणसं एकेक करून उठत गेली. त्यांची पाळी आली, तेव्हा प्रमोदने मान वर केली. आक्का खाटेवर आडव्या झाल्या आणि बाही वर सारून हात पुढे केला. प्रमोदने दंडाला पट्टा बांधला, बोटाने शीर चाचपली, आणि मग तो वाकून काहीतरी म्हणाला. एवढ्या गोंधळात ते मला ऐकू आलं नाही. बहुतेक एवढंच असावं, की मूठ उघडा आणि मिटा. कारण आक्का मूठ उघडायला आणि मिटायला लागल्या, आणि छताकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या.